मागे ठेवायची मुलगी

आमच्या रिचमंड हिलच्या कॉन्डोत सातव्या मजल्यावर एक रशियन म्हातारी राहते. आपले वडील सोव्हिएत वकिलातीत मोठे अधिकारी होते, हे ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवते. नजर गेल्यावर वडिलांच्या कागदांचा खोका तिने माझ्याकडे दिला, कारण पुण्यात मी चार वर्षं रशियन शिकले होते. दर शनिवारी मी वाचून दाखवायचे आणि ती माझ्या उच्चारांना नावं ठेवायची. जिभेला हाड म्हणून नाही.

तिचा बाप जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. युद्धानंतर इथल्याच ओटावाच्या वकिलातीत तिसरा सचिव झाला. वरचा साहेब मायदेशी बोलावला जाऊन गडप झाला, की हा त्याच्या खुर्चीत. अशा तीन खुर्च्या त्याने मिळवल्या. परदेशी जाताना एक मूल मागे ठेवावं लागे, म्हणजे माणूस पळून जात नाही. म्हातारीला सहाव्या वर्षी मॉस्कोच्या वसतिगृहात टाकलं, भाऊ आईबापाबरोबर ओटावाला गेला.

“मुलीलाच ठेवा असा हुकूम होता,” ती सांगायची. “बाबांचा नाइलाज झाला.” आयुष्यभर ती त्या हुकमावर जगली.

एकदा घरी पुढचे कागद चाळताना बापाच्या अर्जाची प्रत सापडली. कोणतं मूल ठेवायचं, ते त्याच्यावरच सोडलेलं होतं.

“अगं, तो अर्ज स्किप कर ना,” नवरा म्हणाला. “कोण चेक करणार आहे?”

मलाही ते पटलं होतं.

शनिवारी तिच्याकडे एक मैत्रीण चहाला आली होती. माझ्यासमोरच म्हातारी तिला म्हणाली, “हिची भाषा मोलकरणीची आहे, पण फुकट मिळते.” दोघी हसल्या. माझं डोकं सणकलं. मी तो अर्ज काढला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला.

“मुलाला सोबत नेण्याची परवानगी असावी. मुलगी मागे ठेवायला सोयीची आहे. ती रडत नाही.”

मैत्रिणीने कप खाली ठेवला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

“पुन्हा वाच,” म्हातारी म्हणाली. मी पुन्हा वाचलं, तेवढ्याच सावकाश.

“खरं लिहिलंय त्यांनी,” ती म्हणाली. “ते निघाले तेव्हाही मी रडले नाही. बाबांना जाताना त्रास नको म्हणून.”