ऐन सीझनातला नाताळ

आमच्या लोणावळ्यात नाताळ येतो तो ऐन सीझनात. डिसेंबर अर्धा सरला की घाटात गाड्यांची रांग लागते, चिक्कीच्या दुकानांवर लाल टोप्या लटकतात आणि आमच्या चर्चमधली माणसं कमी होत जातात. बाहेरच्यांना हे उलटं वाटेल. पण आमच्या मंडळीतला जो तो पाहुण्यांच्या जिवावर जगतो. कुणी हॉटेलात स्वयंपाकी, कुणी टॅक्सीवाला, कुणी मुंबईकरांचे बंगले सांभाळणारा. सगळ्या जगाचा नाताळ साजरा करून द्यायचा म्हटल्यावर आपल्या नाताळाला वेळ कुठून उरणार? आमच्यातले एक काका वर्षानुवर्षं नाताळच्या नाटकात योसेफ व्हायचे. गेल्या नाताळात ते एका रिसॉर्टच्या दारात सांताक्लॉज होऊन उभे होते. मला बघून कापसाच्या दाढीतून म्हणाले, "सलाम, बाई." मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे गाव मला अजून बाईच म्हणतं. तिथे मी हसले. घरी येऊन रडले.

पाळकसाहेब दरवर्षी उपदेशात सांगतात की ज्याचा वाढदिवस त्यालाच आपण आमंत्रण द्यायला विसरतो. ऐकून ऐकून कान किटले होते माझे. दुसरं काही सुचत नाही का या माणसाला, असं मी यजमानांच्या कानात पुटपुटायचे आणि ते मला कोपरानं ढोसायचे. यजमान रेल्वेत होते. ते गेले, आणि पाळकसाहेबांचं ते वाक्य माझ्याच घरात खरं झालं.

मला एकच मुलगा. कुरवंड्याच्या रस्त्याला जे बंगले झालेत त्यातले चार-पाच तो सांभाळतो. बुकिंग घ्यायचं, खोल्या लावायच्या, पाहुण्यांना हवं-नको बघायचं. सून तिथलं स्वयंपाकघर बघते. दोघंही कष्टाळू आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. वडील दवाखान्यात होते तेव्हा हा मुलगा रोज त्यांच्या पायाशी बसून प्रार्थना करायचा. इतकी कळवळून की शेजारच्या खाटेवरचे लोक गप्प व्हायचे. वडील वाचले नाहीत. त्यांना माती दिली त्या दिवसापासून त्यानं चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेतलेला नाही.

एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "आई, मी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. दिली का? मग तिथे जाऊन गुडघे कशाला टेकू?"

देवाच्या योजना असतात वगैरे जे आपण दुसऱ्यांच्या घरी जाऊन बोलतो ते स्वतःच्या पोरापुढे तोंडातून निघत नाही. खरं सांगायचं तर माझीही प्रार्थना तेव्हापासून आटलेली आहे. शब्द म्हणते, सवयीनं म्हणते, पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. पण मी म्हणत तरी राहिले. तो थांबला. मला रात्रंदिवस एकच भीती वाटते, की मी गेले की या घरात प्रभूचं नाव घेणारं कुणी उरणार नाही. नाताळ राहील. तो तर राहीलच, झगमगाटासकट.

म्हणून या वर्षी मी मनाशी धरलं होतं की नाताळच्या सकाळी तो माझ्या शेजारी गुडघे टेकेल. बाकी काही नको.

आमच्या चर्चमध्ये येशूजन्माच्या देखाव्यातली गव्हाणी अजून खऱ्या पेंढ्याची करतात. पेंढा येतो वडिवळ्याहून. तिथले एक आबा यजमानांचे जुने स्नेही, माळकरी माणूस. दरवर्षी भात झोडून झालं की पेंढ्याचा भारा टेम्पोत टाकून स्वतः घेऊन येतात, दाराशी चपला काढतात, वेदीकडे बघून हात जोडतात आणि मगच भारा आत आणतात. या वर्षीही आले.

"इंद्रायणीचा पेंढा हाय, बाई. लय मऊ. बाळाला टोचायचा न्हाई," म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, "पोरगं कुटं हाय? औंदा बी न्हाई आलं व्हय हात लावायला?"

"कामात आहे, आबा. सीझन ना."

"व्हय, व्हय. आमचं पोरगं बी तितंच बंगल्यावर हाय, पार्किंगला उबं." एवढं बोलून त्यांनी पेंढा पसरायला घेतला. यजमान असते तर गव्हाणी त्यांनी आणि मुलानं बांधली असती. ती आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी बांधली, जरा वाकडीच झाली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी डब्यात करंज्या आणि चकल्या भरून रिक्षानं मुलाच्या बंगल्यावर गेले. आमच्याकडे प्रभुभोजन झाल्याशिवाय फराळाला हात लावत नाहीत, पण पाहुण्यांना असले नियम कशाला? आत मोठ्ठं प्लॅस्टिकचं झाड होतं, त्यावर कापूस चिकटवलेला. अंगणात हवा भरलेला सांता डुलत होता. पोहण्याच्या तलावाजवळ स्पीकर लावला होता आणि त्यातून असली गाणी चालू होती की ज्यांचा प्रभूच्या जन्माशी सुतराम संबंध नाही. मी डोळ्यांनी गव्हाणी शोधत होते. मातीचं बाळ, मरिया, योसेफ आणि दोन मेंढरं असा छोटा संच मीच त्याला दिला होता.

"कुठे ठेवलास?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. मग सुनेनंच ओट्याखालचं कपाट उघडून दाखवलं. फिनेलच्या बाटल्या, घासणी, आणि त्यांच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बाळ.

"अरे, फिनेलशेजारी?"

"फुटू नये म्हणून ठेवलंय गं, आई. बाहेर मांडलं की पोरं खेळायला घेतात. आणि गेस्ट सगळ्या प्रकारचे येतात. काहींना ते फार धार्मिक वाटतं."

"नाताळ धार्मिकच असतो, बाळा."

"इथे नसतो," तो म्हणाला. चिडून नाही, समजावून. मलाच काही कळत नाही अशा सुरात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी गिळून टाकली, कारण मला काहीतरी मागायचं होतं.

"उद्या सकाळी येशील ना?"

"येतो गं."

"गेल्या वर्षीसारखी नुसती वाट बघायला लावू नकोस."

"नक्की येतो, आई. तू उगाच वाट बघत बाहेर उभी राहू नकोस, आत बस. मी येतो."

इतक्या सहज हो म्हणाला की मला खरंच वाटेना. पण रिक्षात बसल्यावर मला हलकं वाटायला लागलं. मूर्खासारखी मी वाटभर मनातल्या मनात आभार मानत होते.

सकाळी पाळकसाहेब घोरावाडीहून मोटारसायकलवर आले, थंडीनं कुडकुडत. त्यांच्याकडे आणखी दोन मंडळ्या आहेत, त्यामुळे आम्हांला सकाळची पहिली वेळ. बाकांवर मोजकी म्हातारी डोकी. आम्ही एकमेकांना सलाम केला आणि नाताळच्या शुभेच्छा दिल्या. पेटीवाला हॉटेलात ड्युटीवर होता, म्हणून पहिलं गीत आम्ही नुसत्या गळ्यानं म्हटलं. माझं लक्ष दाराकडे.

आणि तो आला. धुतलेला पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. अगदी वडिलांचीच चाल. पण मागोमाग आणखी माणसं आत आली. गॉगल डोक्यावर सारलेल्या बायका, हाफ पँटीतले पुरुष, एक कडेवरचं मूल. बंगल्यावरचे पाहुणे. तो त्यांना हळू आवाजात हिंदीत सांगत होता की हे चर्च किती जुनं, इथे उपासना मराठीत कशी होते. त्यांना पुढच्या बाकावर बसवून तो माझ्या मागच्या बाकावर बसला.

मी स्वतःला समजावलं. आला ना? कशाला आला ते बघू नकोस. पाहुण्यांना घेऊन का होईना, देवाच्या घरात पाऊल तर ठेवलं. बाळ येशूकडे मेंढपाळसुद्धा काय बातमी आहे ते बघायलाच गेले होते. पाहुणे तसे वाईट नव्हते. फोन वर धरून चित्रण करत होते, पण बोलत नव्हते. त्यातली एक बाई गव्हाणीपुढे डोळे मिटून उभी राहिली, ते मी पाहिलं. मला तिचा राग आला नाही.

मग प्रभुभोजन सुरू झालं. मी वेदीपुढच्या कठड्याशी गेले, गुडघे टेकले आणि उजवीकडे एका माणसापुरती जागा ठेवली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. प्रार्थना अशी केली नाही, नुसतं 'एकदा, एकदाच' एवढंच म्हणत राहिले. यजमान गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की पलीकडे कुणीतरी ऐकतंय.

पावलं वाजली. पांढरी बाही माझ्या खांद्याला घासली. माझा मुलगा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

माझे डोळे वाहू लागले, मी पुसलेही नाहीत. पाळकसाहेब कठड्याच्या त्या टोकाकडून भाकर देत येत होते. "माझ्या स्मरणार्थ हे करा," हे शब्द जवळ जवळ येत होते. मुलानं डोकं माझ्याकडे झुकवलं. मला वाटलं, आता तो आई म्हणेल.

"आई," तो कुजबुजला, "अजून किती वेळ चालेल हे? गेस्टचा ब्रेकफास्ट थंड होतोय."

बहुतेक मान हलवली असेन. तो हलकेच उठला, गुडघ्यांवरची धूळ झटकली, आणि पाहुण्यांना खूण केली. चपलांचे आणि कुजबुजीचे आवाज दाराबाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

पाळकसाहेब भाकरीचा तुकडा बोटांत धरून माझ्या उजवीकडच्या जागेशी येऊन थांबले होते. त्यांनी त्याला लहानपणी याच कठड्याशी आशीर्वाद दिलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मग तोच तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, आणि तो तोंडात घालायला मला फार वेळ लागला.