नळीच्या आतला काळा पापुद्रा

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी बॉयलरच्या नळ्या तपासतो. आमची वाफ पाचशे अंशांच्या वर तापते. अशा वाफेत हलक्या प्रतीचं पोलाद आतून जळत जातं, त्यावर काळा पापुद्रा धरतो. म्हणून वाफ सगळ्यात जास्त तापते त्या शेवटच्या नळ्या जास्त क्रोमियमच्या लागतात. एका वर्षी त्या वेळेवर आल्या नाहीत, म्हणून हाताशी होत्या त्या हलक्या बसवल्या.

पुढच्या वर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी मी त्यातली एक कापून पाहिली. पापुद्रा नखानं सुटत होता, खालचं पोलाद पातळ झालं होतं. ‘सगळ्या नळ्या बदलाव्यात,’ असं मी लिहिलं.

साहेबांनी कागद परत दिला. “ऊसतोडीला माणसं उतरलीत. एवढा हंगाम निघंल की. नीट लिहून आण.”

मी नीट लिहून आणलं. ‘चालू शकतील.’ खाली सही केली.

बॉयलरवर कळंब्याचा माझा दोस्त होता. आम्ही रोज एकत्र जेवायचो. त्याला सांगायचं मी रोज ठरवायचो. डबा संपायचा, सांगणं राहून जायचं.

संक्रांतीनंतर एका दुपारी भट्टीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. कुठून येतोय ते बघायला त्यानं झरोक्याचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात नळी फुटली. वाफ आणि तापलेली राख त्याच्या तोंडावर आली. मी धावत पोचलो, तेव्हा तो भिंत चाचपडत होता.

जीव वाचला, डोळे गेले. चौकशीत माझा कागद निघाला. नळ्या ठीक होत्या, यानंच सुरक्षेचा चष्मा न घालता झाकण उघडलं, असं ठरलं. मी समोर बसलो होतो.

तीन महिन्यांनी त्याच्या घरी गेलो. “भाऊजी, बसा,” म्हणत वहिनींनी चहा ठेवला. त्यानं माझा हात शोधून धरला.

“मर्दा, माझ्या जागी धाकट्याला घेतलंय त्यांनी. भाऊ हाय माझा, ध्यान ठेव. त्या नळ्या बदलल्या न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

फुटलेली तेवढी एक बदलली होती. बाकीच्या तशाच होत्या. वहिनी दारापर्यंत पोचवायला आल्या, म्हणाल्या, “तुम्ही हायसा म्हणून धीर हाय.”

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. धाकट्यानं मला नमस्कार केला.