ओल्या राखेची भिंत

पुसदमध्ये पोळा सरला की लोकांना घरं रंगवायचं वेड लागतं, ते थेट दिवाळीपर्यंत. पूर्वी हे वेड सरळ होतं. पोपटी, राणी, आकाशी. "ते पोपटी घर" म्हटलं की पाहुण्याला पत्ता सापडला. आता मोबाईलवर दरसाल नवी टूम येते. मागच्या उन्हाळ्यात सगळ्यांना भिंतीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या पाहिजे होत्या. त्यांच्यामागं पालींनी संसार थाटले, तर यंदा म्हणे पट्ट्या काढा आणि भिंती फिक्या करा. सायीचा रंग, ओल्या राखेचा रंग, वाळल्या तुराटीचा रंग. एवढा खर्च करून भिंत दिसते कशी, तर रंग द्यायचा राहूनच गेल्यासारखी. बरं, ज्याची भिंत त्याचा शौक. आपलं काय जातं?

जात होतं ते सत्यशीलेचं.

सत्यशीला म्हणजे उकंडा पेंटरची बायको. बावीस वर्षं ती त्याच्यासोबत कामाला जाते. ती पॉलिश पेपरनं भिंत घासते, पुट्टी भरते, आणि उकंडा शिडीवर चढून रंग देतो. गावात त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. दुकानातल्या मशीनकडं न जाता तो नुसतं पाहून रंग मिसळायचा. पांढऱ्याची बादली, गडद रंगाच्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या आणि एक काडी, बस. "मशीन मोजते, मी पाह्यतो," असं तो ऐटीत सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दोन दिवाळ्यांआधी मात्र सत्यशीलेच्या ध्यानात आलं की याला फिके रंग ओळखू येत नाहीत. सायीचा आणि लिंबाचा त्याला सारखाच. बुबुळावर पांढुरकी झाकही दिसायला लागली होती. ती म्हणाली, "डोळे दाखवून घ्या ना."

"कायले? दिसते मले. तू आपली भिंत घास."

माणूस वाईट नाही, पण अडला तर बैल बरा. मग तिनं दुसरी वाट धरली. तो बादली ढवळत असला की सहज म्हणायची, "काळा थोडा कमी वाटते का हो?" उकंडा हसायचा. "शिकून राह्यली माही बायको," म्हणायचा आणि तिच्या म्हणण्यापुरतं आणखी अर्धं टोपण ओतायचा. पोपटीच्या जमान्यात एवढं तेवढं खपून जायचं. फिक्या रंगात थेंबभर जास्त पडला तरी भिंत बोंबलते. दर मोसमाला रंग फिके होत चालले आणि सत्यशीलेचं टोकणं वाढत चाललं. याचं सगळं नाव त्या नजरेवर. नजर गेली हे त्याला कळलं, तर हा माणूस उभ्यानं खचेल, याची तिला फार भीती वाटायची.

यंदा विजयमालाबाईंच्या बंगल्याचं काम आलं. लेकीचं, निकिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, आणि हॉलला ओल्या राखेचा रंग पाहिजे होता. तीन भिंती सत्यशीलेनं टोकत टोकत पार पाडल्या. चौथीच्या वेळी तिला फुलसावंगीला जावं लागलं, बहिणीच्या वारलेल्या सासूच्या पुण्यानुमोदनाला. निघताना तिनं दोनदा बजावलं, "चौथी भिंत आपण उद्या करू." तो हो म्हणाला. पण रिकामं बसणं त्याच्या रक्तातच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलमध्ये शिरली आणि दारातच थबकली. तीन भिंती राखेच्या, चौथी पिवळट हिरवी, शेवाळ धरलेल्या टाक्यासारखी. विजयमालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"उकंडाभाऊ, परवा पाहुणे येतात. असं सोडायचं का हे?"

"एकच रंग आहे, ताई. उजेडाचा फरक आहे."

बाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. "आता बघा."

त्यानं मन लावून पाहिलं. खरंच पाहिलं बिचाऱ्यानं. मग तो बायकोकडं वळला. "सांग वं, एकच आहे ना?"

"एकच आहे," सत्यशीला म्हणाली.

विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या आत गेल्या. उकंडा मात्र बायकोच्या तोंडाकडं पाहत राहिला.

"भिंतीकडं पाह्यलंच नाही तुनं," तो हळूच म्हणाला.

तो भिंतीशी उकिडवा बसला आणि त्यानं बाटल्या तिच्याकडं सरकवल्या. "तू मिसळ."

"मले कुठं येते?"

"मिसळ म्हणतो ना."

मग तिनं मिसळला. काळा, मग नावाला तांबडा, पिवळा जेमतेम टिपूस. हात कुठंच अडला नाही. तो बादलीकडं पाहतच नव्हता, तिच्या हाताकडं पाहत होता.

"कवापासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"अन् मले वाटे, मी तुले शिकवून राह्यलो."

सत्यशीलेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो शिडीवर चढला आणि त्यानं भिंतीला पुन्हा रंग दिला.

चार वाजता विजयमालाबाई आल्या. चारही भिंती एक झालेल्या पाहून त्यांचा राग पार पळाला. "आता कसं! उगाच नाही लोक तुमच्या हाताचं नाव घेत, भाऊ. बाभुळगावला माझ्या भावाचं घर आहे, ते तुम्हीच करा."

सत्यशीला ओलं फडकं हातात धरून थांबली. तिला कौतुक नको होतं. त्यानं एवढंच म्हणावं, ताई, रंग हिनं मिसळला. म्हणजे लपवाछपवी संपेल, तो डोळे दाखवेल, आपण उघड काम करू. उकंडानं तिच्याकडं पाहिलं. आता बोलेल, असं तिला वाटलं.

"हो ताई," तो म्हणाला. "मशीनले असं जमत नाही."

ती बादली उचलून मागच्या नळावर गेली. डोळ्यांत पाणी होतं, आणि मुख्य म्हणजे राग होता. खचेल म्हणून ज्याला जपलं, तो तर खचला नाही. थोड्या वेळानं उकंडा मागं येऊन उभा राहिला.

"बाभुळगावले येशीन ना तू?"

बावीस वर्षांत त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. तिनं नळ बंद केला.

"डोळे दाखवान तं येईन."

"लोकाइले समजन."

"समजू द्या," ती म्हणाली आणि त्याच्या उत्तरासाठी तिथंच उभी राहिली. उकंडानं धुतलेली बादली उचलली आणि तो शिडी आणायला आत गेला.