पहिले तीन मीटर

“साहेब, तिथून कापू नका. ती जुम्म्याची पट्टी आहे.”

नरसय्या हे म्हणाला तेव्हा माझ्या हातात कात्री होती आणि कान शेजारच्या केबिनकडे लागले होते. केबिन कारखान्याचे मालक शब्बीरभाई यांची. आत टीव्हीवर लढाऊ विमानांच्या खरेदीची चर्चा रंगली होती. हवाई दलाने एका इंजिनाचं विमान घ्यावं की दोन इंजिनांचं, यावर चार तज्ज्ञ एकमेकांवर ओरडत होते. पाचवा तज्ज्ञ मी. शब्बीरभाईंशी माझा वाद अर्धवट राहिला होता आणि डोक्यातला मुद्दा विसरायच्या आत मला परत जायचं होतं.

“नरसय्या, मी तीस वर्षं कापड तपासतोय,” मी म्हणालो. “तू मला कापायला शिकवणार?”

तो बाजूला झाला. मी थानाच्या, म्हणजे कापडाच्या गुंडाळीच्या, टोकापासून हातभर आत कात्री घातली, पाच नमुने कापले, पाकिटात भरले, सही केली. दोन-तीन मिनिटांचं काम. मग केबिनमध्ये जाऊन दोन इंजिनांची बाजू घेतली आणि वाद जिंकलो.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. आज लिहितोय, कारण त्या कात्रीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलं आणि मी ते फुटू दिलं.

आधी माझं काम सांगतो. संरक्षण सामग्री तपासणाऱ्या सरकारी खात्यात मी इन्स्पेक्टर होतो. माझा विषय कापड. लोकांना वाटतं, लढाऊ विमान म्हणजे इंजिन, रडार आणि क्षेपणास्त्रं. पण बऱ्याच लढाऊ विमानांच्या शेपटीत एक छत्री घडी करून ठेवलेली असते. विमान धावपट्टीवर टेकलं की ती मागे उघडते, हवा धरते आणि विमानाला मागे खेचते. तिला ब्रेक पॅराशूट म्हणतात. ती नायलॉनची असते. त्या नायलॉनमधून हवा किती पार होते, यावर सगळं ठरतं. जास्त पार झाली तर छत्रीची पकड कमी पडते. फार कमी झाली तर उघडताना असा हिसका बसतो की छत्रीच फाटायची. म्हणून लॅबमध्ये कापडाचा तुकडा मशीनवर ताणून त्यातून हवा सोडतात आणि मोजतात.

हे कापड तेव्हा परदेशातून यायचं. विमान बाहेरचं, निदान छत्री तरी आपली असावी, असं वर कुणाच्या तरी मनात आलं आणि देशी पुरवठादार शोधायचं काम आमच्याकडे आलं. शब्बीरभाईंनी अर्ज केला. ते भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. वडिलांपासून माग चालवायचे, पण विणायचे अस्तराचं कापड. या कामासाठी त्यांनी एक नवा माग आणला आणि त्यावर नरसय्याला बसवलं. नरसय्या पद्मशाली, म्हणजे पिढीजात विणकर. आजोबा तेलंगणातून आलेले, त्याचा स्वतःचा जन्म भिवंडीचा. धागा तुटायच्या आधी त्याला कळतं, असं बाकीचे कारागीर सांगत.

भिवंडीत विमानाचं कापड विणतायत म्हटल्यावर गल्लीत चर्चेला ऊत आला. कोपऱ्यावरचा चहावाला नरसय्याला “पायलट” म्हणू लागला. शब्बीरभाई तर येईल त्याला सांगायचे, “फ्रान्सचं घ्या, रशियाचं घ्या, नाहीतर घरी बनवा. उडवणारे उडवतील. थांबवणार आपण!”

आठवड्याने लॅबचा फोन आला. “केणे साहेब, पाचही नमुने नापास. हवा जास्त.”

आमच्या बड्या साहेबांना दुःख वगैरे काही झालं नाही. “बघा. देशी देशी करून सहा महिने घालवले. फाइलवर लिहा, देशी सोर्स फेल. बाहेरून मागवू.”

“सर, कारण काय लिहू?”

“कारण काय असणार? विणकाम!”

मी लिहिलं, विणकाम सदोष. त्याची प्रत घेऊन स्वतः भिवंडीला गेलो. शब्बीरभाईंनी ती दोनदा वाचली आणि नरसय्याला आत बोलावलं.

“अण्णा, हात नाही बसला तुझा. उद्यापासून अस्तराच्या मागावर जा.”

“भाई, कापडात खोट नाही. नमुना पट्टीतून गेला.”

“म्हणजे साहेबांना कापता येत नाही?”

नरसय्याने माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्टची घडी घालत होतो. ती घडी बराच वेळ चालली.

ऑफिसात कापडाचा उरलेला तुकडा होता. दुसऱ्या दिवशी मी तो खिडकीच्या काचेवर धरला. कापडाच्या आडव्या रुंदीत, बोटभर जाडीची, बाकीपेक्षा उजळ अशी एक पट्टी लख्ख दिसली.

ती कशी पडते, ते सांगतो. भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी माग थांबतो आणि शनिवारी सकाळी सुरू होतो. मधल्या वेळात मागावर ताणलेले उभे धागे सैल पडतात. पुन्हा सुरू केल्यावर आडवे धागे पहिल्या काही फटक्यांत नीट घट्ट बसत नाहीत, तेवढ्या जागी कापड विरळ होतं. डोळ्याला सहज दिसत नाही, पण हवेला बरोबर सापडतं. कारागीर तिला जुम्म्याची पट्टी म्हणतात. विणकर कितीही चांगला असला तरी थोडीफार पडतेच. म्हणून अशा ठिकाणी थान तोडतात, म्हणजे पट्टी टोकाला येते आणि टोक कापून फेकता येतं. आमच्या नियमातही साफ लिहिलं होतं, थानाचे पहिले तीन मीटर सोडून मग नमुना कापावा. नव्या इन्स्पेक्टरांना हा नियम मीच शिकवायचो. पण तीन मीटर उलगडायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात. मला तेवढा वेळ नव्हता, मी देशाची विमानं ठरवत होतो.

त्याच दिवशी बड्या साहेबांना सांगायला हवं होतं. त्यांच्या दारापर्यंत गेलो. माझं प्रमोशन त्यांच्या टेबलावर होतं. दारातून परत आलो आणि एक टिपण लिहिलं. “नवा पुरवठादार आहे, सबब आणखी एक संधी देण्याची शिफारस करतो.”

“केणे, तुम्ही फार मऊ आहात,” साहेब म्हणाले आणि सही केली.

दुसरं थान त्याच मागावर विणलं गेलं, पण विणकर वेगळा. या वेळी मी माणसं लावून थान उलगडलं आणि मग कात्री घातली. पाचही नमुने पास. शब्बीरभाई मंजूर पुरवठादार झाले. मला ते दिलदार म्हणू लागले, ऑफिसातले लोक माझ्या उदारपणाचे दाखले देऊ लागले. आणि सगळ्यांना पुरावाच मिळाला. माग तोच, धागा तोच, विणकर बदलला आणि कापड पास झालं. म्हणजे दोष कुणाचा?

मी एका चुकीवर पांघरूण घातलं, त्याचा नरसय्याविरुद्ध पंचनामा झाला.

चहावाल्याने नाव बदललं. “पायलट”चा “क्रॅश” झाला. “ए, क्रॅशला कटिंग दे!” नरसय्याही हसायचा. मी एकदा हे समोर ऐकलं आणि चहा इतका भरभर प्यायलो की जीभ पोळली. पुढे प्रमोशन झालं, मग पेन्शन जवळ आली, मग पेन्शन सुरू झाली. गप्प राहायला प्रत्येक वेळी नवं कारण सापडत गेलं.

यंदा हिवाळ्यात शब्बीरभाईंचा फोन आला. भिवंडीजवळच्या पूर्ण्याला गोदामांच्या रांगेत त्यांनी नवी शेड टाकली होती. चोवीस माग, सगळे खास कामाच्या कापडाचे. “साहेब, जेवायला यायचंय. तुम्ही संधी दिली म्हणून हे दिवस.”

ते “संधी” फार लागलं. आधी रेकॉर्ड दुरुस्त करावं आणि मग जेवावं, असं ठरवून मी माझ्या जुन्या खात्याला पत्र लिहिलं. अमुक लॉट नापास झाला तो माझ्या चुकीने, तशी नोंद घ्यावी. दीड महिन्याने उत्तर आलं. सदर कालावधीचे अभिलेख नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत, सबब आपल्या अर्जावर कार्यवाही करता येत नाही. शिवाय, सदर अर्ज आपण कोणत्या नियमान्वये केला आहे ते कळवावे.

बायकोने पत्र वाचलं. “घ्या, सरकार विसरलं. नरसय्या विसरलाय का, ते बघून या.”

पूर्ण्याच्या शेडमध्ये काचेची केबिन होती. बाहेर चोवीस माग धडधडत होते. नरसय्या आता कापड तपासायच्या टेबलावर होता, खाली दिवे लावलेली काच आणि तिच्यावरून सरकणारं थान. म्हणजे माझंच काम. फक्त तो ते करताना टीव्ही बघत नव्हता. मी त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

“शब्बीरभाई, पहिला लॉट नापास झाला तो माझ्यामुळे. मी पट्टीतून कापलं. अण्णांनी मला सांगितलं होतं, तरी कापलं. आणि रिपोर्ट दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला हे कळलं होतं.”

शब्बीरभाईंनी हातातला कप खाली ठेवला. “तेरा वर्षं मी तुमच्या नावाने दुआ मागतोय, साहेब.”

“अर्धी अण्णांकडे वळवा.”

“अर्धी का?” नरसय्या म्हणाला. “पूर्ण द्या ना, व्याजासकट!”

शब्बीरभाई हसले नाहीत. ते नरसय्याकडे वळले. “तू सांगत होतास तेव्हा मी ऐकलं नाही, अण्णा. गुन्हा माझापण आहे.”

“जाऊ द्या, भाई. मला माहीत होतं,” नरसय्या म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “साहेबांना कळलंय, हेपण माहीत होतं.”

“कसं?”

“दुसऱ्या वेळी तुम्ही तीन मीटर नाही सोडले. चार सोडले. इतका कोण भितो?”

“हो, चार सोडले,” मी कबूल केलं.

“मला त्याचं काही नाही,” तो पुढे म्हणाला. “पण माझे सासरे विणकर. ते म्हणायचे, सरकारचं मशीन कशाला खोटं बोलेल? मला कच्चा विणकर समजूनच ते गेले. त्यांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही.”

मी विचारलं, “आता काय करू, अण्णा?”

“इथं सांगा. जुने दहा-बारा जण अजून मला क्रॅश म्हणतात. नवे त्यांच्याकडून शिकलेत.”

शब्बीरभाई उठले. “आत्ता सगळे माग बंद करतो. सगळ्यांना एकत्र बोलावतो.”

“वेडे झालात काय, भाई!” नरसय्या जवळजवळ ओरडला. “भर दुपारी माग बंद? चोवीस थानांत चोवीस पट्ट्या पडतील. मग त्या कुणाच्या नावावर टाकणार?”

माग बंद झाले नाहीत. मग एकच मार्ग उरला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी एकेका मागापाशी गेलो आणि एकेका कारागिराच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. पुढे नरसय्या, मागे शब्बीरभाई, मध्ये मी.

“वो पहला लॉट फेल हुआ था ना, गलती मेरी थी!”

“कौन सा लॉट?”

“विमान वाला!”

“गिर गया क्या?”

“नहीं! गिरा नहीं! नमुना मैंने गलत काटा था! अण्णा का काम सही था!”

सहाव्या मागावरच्या कारागिराने कानातला कापसाचा बोळा काढून पुन्हा सांगायला लावलं. अकराव्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, “कोई बात नहीं चाचा, आगे से ध्यान रखना.” पंधराव्यावर जुन्या कारखान्यातला एक जण होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग क्रॅश कोण?” नरसय्याने माझ्याकडे बोट दाखवलं. पुढच्या नऊ मागांवर माझी ओळख मी पोचायच्या आधी पोचली होती.

जेवायच्या आधी शब्बीरभाईंनी एक रजिस्टर काढलं. सरकारने कागद नष्ट केले असतील, त्यांनी नव्हते केले. पहिल्या लॉटच्या ओळीत माझ्याच रिपोर्टमधले शब्द उतरवलेले होते, विणकाम सदोष. मी ते खोडलं आणि खाली लिहिलं, “विणकाम निर्दोष. नमुना इन्स्पेक्टरने चुकीच्या जागेवरून कापला.” नरसय्याने चष्मा लावून ते वाचलं.

“विणकराचं नाव नाही लिहिलं.”

मी नाव लिहिलं. त्याने मला पूर्ण नाव लिहायला लावलं, वडिलांच्या नावासकट. मग सही घेतली आणि मटणाकडे वळला.

घरी आलो तेव्हा घसा पार बसला होता. तीन दिवस कुजबुजत बोलत होतो. टीव्हीवर अजून चर्चा चालूच आहे, कुठलं विमान घ्यावं, कुणाकडून घ्यावं. मला विचाराल तर मत नाही.

एवढं मात्र खात्रीने सांगतो. चूक त्याच दिवशी कबूल केली असती, तर ती एका साहेबाला सांगावी लागली असती, बंद खोलीत, हळू आवाजात. मी तेरा वर्षं थांबलो. म्हणून ती चोवीस जणांना सांगावी लागली, बोंबलून.