झाडलोट

दुपारी जेवून आडवी होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज दूर दूर जातो, आणि मी माजी सैनिकांच्या कॅन्टीनच्या रांगेत उभी असते. पुढे आबा, माझे वडील. त्यांना जाऊन सात महिने झाले, पण दाढी गुळगुळीत, हातात पिशवी.

"उशीर केलास, नलू."

"आबा, तुम्ही गेलात."

"म्हणून काय रांग सोडायची?"

आमच्या घरात 'झाडलोट' हा शब्द उच्चारायला आबांची बंदी होती. 'केर काढा' म्हणायचं. आई त्याला फौजी खोड म्हणून हसायची. गेल्या महिन्यात त्यांच्या पलटणीतले कदमकाका आले आणि चहा पिताना सहज म्हणाले, "सरहद्दीपलीकडं गावातली घरं तपासायची, त्याला आम्ही झाडलोट म्हणायचो." मग अर्धा कप तसाच ठेवून जायला उठले.

रांग सरकते. कॅन्टीनची फळी आता कुणाच्या तरी घरातली आहे. पिठाचा डबा उपडा, जमिनीवर पीठ, त्यात बुटांचे ठसे.

"तुम्ही आत होतात की बाहेर?"

"आदल्या दिवशी आमचा मोरे सुरुंगावर पाय पडून गेला होता..."

"भीती, सूड, वरचा हुकूम, सगळं वाचलंय मी. आत की बाहेर?"

"दारात."

आबा पिशवीची घडी घालतात. पुन्हा उलगडतात.

"आत आपले तिघं होते. त्या घरातली बाई पळत दारापाशी आली. मी तिला परत आत ढकललं. मनगटाला कडकडून चावली मला."

"का, आबा?"

"हुकूम नव्हता. आणि रागाचं म्हणशील, तर तो सकाळीच ओसरला होता." ते माझ्याकडे बघत नाहीत. "कुणी विचारणार नाही, एवढं ठाऊक होतं."

"आईनं?"

"तिनं वण पाहिला. कुत्रं चावलं म्हणालो. तिनं मान डोलावली." आता ते वळतात. "तू तर एवढी शिकलीस. चाळीस वर्षं केर काढत राहिलीस. एकदा तरी विचारलंस, आबा, त्या शब्दात असं काय आहे?"

मला उत्तर द्यायचं आहे. तोंड उघडत नाही.

जाग येते तेव्हा माझंच मनगट माझ्या दातांत आहे. सोडवून घेते. कातडीवर दातांची अर्धी गोल रांग उमटली आहे, आणि एका जागी रक्त आलं आहे.