आईच्या नावाआधीचा शब्द

आज सकाळी आई गेली. कृपा करून तिच्या नावाआधी ‘कै.’ लिहू नका.

रागावून नाही सांगत. ग्रुपवर सगळे प्रेमानेच लिहितायत, कळतंय मला.

पण या एका अक्षराशी आमच्या घराचं जुनं भांडण आहे.

पप्पा गेले तेव्हा मी नववीत होते. नव्वदीची सुरुवात. मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला येऊन जेमतेम चार महिने झालेले.

बिल्डिंगमधल्या मैत्रिणींना मी घरी आणायचे नाही. भिंतीवरचे फोटो बघून आपण कोण ते कळेल, ही भीती. हे लिहितानाही लाज वाटतेय.

सोसायटीचे सेक्रेटरी दादरहून आलेले, सज्जन माणूस. त्यांनी खाली फळ्यावर पप्पांचं नाव लिहिलं, सुंदर अक्षरात. आधी ‘कै.’

आई खाली उतरली. पदराने तेवढंच पुसलं आणि खडू मागितला.

सेक्रेटरी गोंधळले. म्हणाले, वहिनी, आदरानेच लिहिलंय.

“माहितंय भाऊजी. पण हे कैलासाला नाही गेले. तो रस्ता त्यांनी जितेपणीच सोडला होता.”

मी तिचा हात ओढत होते. “राहू दे ना आई. सगळे बघतायत.”

तिने लिहिलं, ‘कालकथित’. लिहायला तिला पप्पांनीच शिकवलेलं, लग्नानंतर. ओळ तिरकी खाली उतरली.

कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी. गेलेल्या माणसाला पाठवायला मराठीत इतक्या जागा, आणि त्यातली एकही आमची नव्हती.

म्हणून आमच्या माणसांनी पाली भाषेकडून आपला शब्द घेतला. याचा काळ संपला, एवढंच तो सांगतो. पप्पा म्हणायचे, धम्म घेतला की मरणाचे शब्दही बदलावे लागतात.

समोरच्या गुजराती बेननी विचारलं, “भाभी, ये क्या लिखा?”

“हम बौद्ध हैं. हमारे में ऐसाच लिखते.”

झालं. मी चार महिने लपवलेलं आईने भर दुपारी, सगळ्या बिल्डिंगसमोर सांगून टाकलं.

दोन घरांनी बोलणं कमी केलं. एक मैत्रीण मला टाळायला लागली. बेन मात्र संध्याकाळी खिचडी घेऊन आल्या.

आणि मी? महिनाभर आईशी धड बोलले नाही. नुकताच नवरा गेलेल्या बाईशी.

तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही. इतकी वर्षं वाटायचं, माफी मागू एकदा निवांत.

काल आयसीयूमध्ये मागितली. डॉक्टर म्हणाले, त्यांना आता ऐकू येत नाहीये.

आई, चुकलं माझं.

जय भीम.