गोठ्यातली ताई, तंबूतली ताई

टीव्हीवरच्या मालिकेचा पुढचा भाग सिनेमा म्हणून निघणार असं कळलं की आमच्या घरात दोन तट पडतात. नात म्हणते चालणार, नातू म्हणतो आपटणार, आणि मग दोघं मिळून माझ्याकडे बघून हसतात, कारण आजीला यातलं काय कळणार? हसू देत. त्यांच्या आईचा जन्मही झाला नव्हता तेव्हा असा एक सिनेमा मी आपटताना पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्यासाठी केसांत मावतील तेवढे गजरे माळून गेले होते.

गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी खानापूरकडची, लग्न होऊन कुंभारवाड्याच्या रानातल्या एका वाडीत आलेली. सातवी पास. सातवी पास सून म्हणजे काय चीज असते, हे वाडीला कळायच्या आधी मीच वाडीला कळवून टाकलं होतं. भाताचं रोप आणि गवत यांतला फरक मला कळत नव्हता, पण बोलताना ‘अर्थात’ आणि ‘तथापि’ म्हणता यायचं. लावणीला चिखलात उभी राहून मी ‘तथापि’ म्हणाले की शेजारच्या बायका कमरेत वाकल्या वाकल्या हसायच्या. मला वाटायचं, कौतुकानं.

त्या वर्षी आमच्या ह्यांनी बेळगावहून ट्रान्झिस्टर आणला. माजघरात लावला, खरखर. अंगणात लावला, खरखर. फणसावर टांगून पाहिला, तरी खरखर. शेवटी कंटाळून ह्यांनी तो गोठ्यात म्हशीमागच्या कोनाड्यात ठेवला आणि आतली माणसं घडाघडा बोलायला लागली. असं का व्हावं, ते मी विज्ञानाच्या आधारे सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. काय सांगितलं ते आता आठवत नाही, हे फार बरं आहे.

आठवड्यातून एकदा दिवेलागणीला रेडिओवर मराठी नाटक लागायचं, भागाभागानं पुढे जाणारं. आम्हाला ते मधूनच सापडलं. त्यात एक मुलगा होता. घरात कुणाशी तरी भांडून तो शहरात निघून गेलेला. आणि घरी त्याची वाट बघणारी ताई. ती रोज दाराशी उभी राहायची, पावलं वाजली की “कोण?” म्हणायची, आणि तो कधीच नसायचा. कधी पोस्टमन, कधी दूधवाला. एवढंच नाटक. पण त्या “कोण?”साठी आसपासच्या वाड्यांतल्या बायका पेटत्या चुडी घेऊन रानातून यायच्या आणि शेणाच्या वासात गुडघ्यांना मिठी मारून बसायच्या.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, असं सगळ्यांना सांगितलं. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणायचे, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांचं माहेर हल्याळकडचं, तोंडात निम्मं कन्नड.

“तायी म्हंजे आई,” त्या म्हणाल्या. “सातवीत एवढं बी शिकीवलं न्हाई व्हय?”

कन्नडात तायी म्हणजे आई, हे तर आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्या पोराला ठाऊक. आणि थोरल्या बहिणीला वाडीत सगळे अक्का म्हणायचे. ताई म्हणणारं कुणीच नव्हतं. शिवाय रेडिओतल्या बाईचा आवाज भरदार, जरासा घोगरा, मध्येच खोकणारा. असली खोकणारी बहीण कुणाला पटणार? मी दोन आठवडे तोंड फुगवून बसले. नंतर मलाही ती आईच ऐकू यायला लागली. शिक्षणाचा पाया माझा असा भक्कम.

आत्यांना ती आई हवीच होती, कारण त्यांचा थोरला मुलगाही असाच गेला होता. उतारावरच्या नाचणीच्या रानात काजू लावू या, असं तो म्हणाला. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, माझ्या हयातीत नाही. शब्दाला शब्द लागला आणि भाऊजी गोव्याच्या खाणीवर निघून गेले. दोन पावसाळे उलटले तरी आले नाहीत. रामनगरकडून येणारा एखादा ट्रकवाला सांगायचा, बरा हाय म्हणून, तेवढंच. आत्या घरात त्यांचं नाव काढायच्या नाहीत. मामाही नाही. पण नाटकात ताईनं “कोण?” म्हटलं की आत्या म्हशीच्या पोटाआडून पुटपुटायच्या, “उगड की दार, बाई. ह्या खेपंला त्योच आसंल.”

मामा गोठ्यात यायचे नाहीत. ते बाहेर बसून दोर वळायचे आणि त्यांना काही ऐकू येत नसायचं. त्या वर्षी आमच्याकडे एवढा दोर झाला की सगळ्या वाडीची गुरं बांधून वर विहिरीला उरला असता.

माझं दुखणं निराळं होतं. मी त्या मुलाच्या आवाजावर भाळले होते. लग्न झालेली बाई, नवरा शेजारी म्हैस धरून उभा, आणि मी कोनाड्याकडे बघत उसासे टाकतेय. त्याचा चेहरा मी मनाशी पक्का करून टाकला होता: रुंद कपाळ, कुरळे केस, डोळे पाणीदार. एकदा ह्यांनी विचारलं, काय गं, दात दुखतोय का? मी व्हय म्हणाले, आणि मग लवंगेचं तेल लावून घ्यावं लागलं.

नाटक संपलं ते अगदी वाईट ठिकाणी. पावलं वाजली, ताई म्हणाली “कोण?”, आणि वाजंत्री सुरू झाली. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला शेतीविषयक माहिती. बायका ती संपेपर्यंत बसून राहिल्या. म्हटलं, शेवटी तरी कळेल. भातावरचा करपा कळला.

मग एकदा हे रामनगरच्या बाजारातून बातमी घेऊन आले. त्याच गोष्टीचा पुढचा भाग सिनेमा होऊन निघाला होता, आणि रामनगरात तंबू टाकलेल्या सिनेमावाल्याकडे तो आला होता. जीपवर भोंगा लावून ओरडत फिरत होते. बायकांनी सिनेमाला जायचं म्हणजे मामांचा होकार हवा. तो कसा मिळवायचा यावर मी एक भाषण तयार केलं होतं, ‘तथापि’सकट. ते कामी आलं नाही. आत्यांनी भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं की त्यो आला का न्हाई ते तरी बघून येऊ. मामा म्हणाले, आपल्यालाही बाजारात काम आहेच.

लाकडाच्या डेपोवरून रिकामा ट्रक परत चालला होता, त्यात आम्ही बायका बसलो. मी लुगडं ठेवणीतलं नेसले, गजरे माळले, पावडर थापली. जणू पडद्यावरून तो मला बघणार होता. रामनगरला पोचेपर्यंत पावडरीवर लाल धूळ बसून मी दसऱ्याच्या खेळातलं सोंग दिसत होते, ते मला परतल्यावर आरशात कळलं. बरोबरच्या एकीनंही सांगितलं नाही.

तंबूत मध्ये दोरी, एकीकडे बाप्ये, एकीकडे बायका. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं लावेपर्यंत लोक विड्या ओढायचे. पहिल्या रिळात एक तरुण मुलगी आगगाडीत बसली, शहरात उतरली, आणि समोरच्या फुटपाथवर तो. भेटलाच. गोठ्यात आम्ही ज्याची कित्येक महिने वाट पाहिली, तो तपकीर ओढायच्या आत सापडला. आणि कसा? गोल गाल, पोट शर्टाच्या बाहेर डोकावणारं, आणि आवाज नाकातून. रेडिओतला आवाज त्याचा नव्हताच. मी माझा गजरा काढून मांडीवर ठेवला.

दिवे लागले तशा आत्यांनी विचारलं, तायी कुठं आहे?

मी म्हटलं, तीच ती, गाडीतून आलेली. त्यानं ताई म्हणून हाक मारली की.

“ती? ती तर त्याच्याहून ल्हान दिसती.” मागून कुणी तरी दबक्या आवाजात म्हणालं की आई तरणी आणि पोरगा म्हातारा, हे सिनेमात चालतं. एक म्हातारी म्हणाली की ही सावत्र असावी.

आता माझा पांडित्याचा क्षण आला होता. मी सांगितलं की ताई म्हणजे बहीण, मी आधीपासून सांगत होते, तुम्हीच ऐकलं नाही. मग आई कुठाय, आत्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई नसेलच. आपल्या गोठ्यात रेडिओ यायच्या आधीच्या भागांत वारली असणार.

तेवढ्यात दिवे मालवले. पुढच्या रिळांत तो नाकातून गायला, एका बागेत झाडाझाडामागून डोकावला, खलनायकाला त्यानं नेमका गवताचा ढीग असेल तिथं पाडलं. बायका जांभया द्यायला लागल्या. दोरीपलीकडून कुणी तरी मोठ्यानं विचारलं की ह्यात म्हस कधी येतीया, आणि सगळा तंबू हसला. त्या एका वाक्याला जेवढं हसू आलं तेवढं सबंध सिनेमात आलं नाही. आत्या हसल्या नाहीत, हे मला मागाहून कळलं. तेव्हा माझं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. मी त्या पोटाचं दुःख करत होते.

मुक्काम मामांच्या चुलत बहिणीकडे होता. सकाळी सगळे रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला बसलो. समोर गोव्याकडे जाणारे ट्रक ओळीनं उभे. बायका सिनेमाची पिसं काढत होत्या, मी त्यात पुढे. नाटकात सगळी मजा दाराशी उभं राहण्यात होती, आणि ह्या शहाण्यांनी पहिल्याच झटक्याला दार उघडलं; आता बघायचं काय, असं मी तावातावानं सांगत होते. ते तेवढं मात्र मी बरोबर बोलले होते, असं आजही वाटतं.

आत्यांनी बशी खाली ठेवली, उठल्या, आणि एका ट्रकवाल्याशी कन्नडात काही बोलून परत आल्या. मामांसमोर उभ्या राहिल्या.

“ती भण आसून गेली,” त्या म्हणाल्या. “म्या आई आसून दारात बसलीया. म्या जातो त्येला आणाय.”

मामा म्हणाले, ज्याला यायचं असतं तो पायांनी येतो. आत्यांनी ते ऐकलंच नाही.

“काजूचं काय सांगू त्येला?”

मामांनी चहा संपवला. कपात बघितलं, रस्त्याकडे बघितलं, ट्रकवाला क्लीनरला शिव्या देत होता त्याच्याकडे बघितलं.

“त्या उतारावर नाचणी तशी बी कुटं धड पिकती,” ते म्हणाले.

आत्यांनी पदर खोचला. “आन् ह्या सातवीला संगं घेतो. पाट्या वाचाय.”

अशी मी सुकलेल्या गजऱ्यासकट अनमोडचा घाट उतरले. गोव्यातल्या पाट्या पोर्तुगीज भाषेत असतात, हे सातवीत कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पाटीपाशी आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं, आणि तिथून पुढे आत्याच तोडक्या कोंकणीत रस्ता विचारत गेल्या. मी पिशवी धरून मागे.

भाऊजी खाणीवर सापडले. पायापासून डोक्यापर्यंत लाल मातीनं माखलेले, दात तेवढे पांढरे. आईला बघून त्यांच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

“आये, घरात कोण गेलं?” त्यांनी घाबरून विचारलं.

“तू गेलास की,” आत्या म्हणाल्या. “चल आता.”

त्यांना यायला भात कापणीपर्यंत वेळ लागला, पण आले. येताना काजूची रोपं आणली. मामांनी खड्डे आधीच काढून ठेवले होते, आणि ते डुकरांनी उकरलेत, असं सांगत होते.

त्या सिनेमाचं पुढे काय झालं म्हणाल, तर तंबू आठवड्याच्या आत उठला. रामनगरात दुसऱ्यांदा तो बघितलेला माणूस मला भेटला नाही. आत्या तर जन्मभर त्याला शिव्याच घालत राहिल्या. एकदा काजूच्या बिया वाळत घालताना मी त्यांना छेडलं. म्हटलं, एवढं वाईट म्हणता, पण त्याच्यामुळंच तर मुलगा घरी आला.

“वाईट हुतं म्हणून तर उटले,” आत्या म्हणाल्या. “चांगलं आसतं तर बगत बसले नसते?”